लाडीचं ऑपरेशन

भामाबाईंनी एकतीस वर्षांत अर्ध्या शहराच्या बाया ऑपरेशनला नेल्या, आणि घरातल्या कुत्रीच्या ऑपरेशनचं कुणी नाव काढलं की त्या कानात बोळे घालून बसत.

हे ऐकून कुणालाही हसू येईल. भावसिंगपुऱ्यातली त्यांची गल्ली तर उघड उघड हसायची. भामाबाई एका सरकारी प्रसूतिगृहात आया होत्या. बाळंतपणं त्यांच्या हाताखालून किती गेली याची गणती नाही, पण त्यांचं खरं नाव झालं ते कुटुंब नियोजनाच्या कॅम्पांत. टाक्याचं ऑपरेशन असो की दुर्बिणीचं, भामाबाई सोबत आहेत म्हटल्यावर बाई निम्मी बरी व्हायची. सासूची समजूत घालायची, नवऱ्याला दमात घ्यायचं, धाकटं लेकरू काखेला मारून बाहेर बाकावर बसायचं आणि भूल उतरली की बाईच्या तोंडाला पाण्याचा पहिला घोट लावायचा, ही सगळी कामं त्यांची. निवृत्त झाल्यावरही भाजीच्या गाड्यापाशी एखादी बाई त्यांना अडवून म्हणायची, "ओळखलं का, मावशी? मी तुमची केस."

म्हणून तर त्यांची सून मेघा कपाळाला हात लावायची. मेघा शाळेत मास्तरीण. मुद्दा सोडायचा नाही ही तिची सवय.

"आई, हजार बायांना समजावलंत तुम्ही. आणि एका कुत्रीपाशी येऊन अडलात?"

"बाईला तोंड असतंय," भामाबाई म्हणायच्या. "तिच्या तोंडून 'व्हय' आल्याबिगर मी एकीलाबी आत नेलं नाय. हिला काय इचारू? कसं इचारू?"

यात हट्ट होता, पण खोटेपणा नव्हता. कॅम्पाच्या दिवसांत वरून आकडा यायचा, एवढ्या केस पाहिजेत म्हणजे पाहिजेत. एकदा सोयगावकडची एक बाई आली होती. आली कसली, एका बाजूनं नवरा आणि दुसऱ्या बाजूनं सासू, अशी मधे धरून आणलेली. मान वर करायला तयार नाही. भामाबाईंनी कपडे बदलायच्या निमित्तानं तिला पडद्याआड नेलं, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "तुला पाहिजे का?" बाई म्हणाली, "नाय. पण माझं ऐकतंय कोण?" भामाबाईंनी बाहेर येऊन यादीतलं तिचं नाव खोडलं. मोठ्या सिस्टरनं त्यांची चारचौघांत खरडपट्टी काढली. भामाबाईंनी ती मुकाट्यानं ऐकून घेतली आणि पुढच्या कॅम्पालाही तेच केलं.

लाडी घरात आली ती भामाबाईंचे यजमान कडुबा गेले त्या वर्षी. मुठीएवढी होती. आता पाच वर्षांची झाली, रंगानं चहासारखी, स्वभावानं गरीब, आणि भूक मात्र म्हशीची. तिची तीन वेतं भामाबाईंनी स्वतः केली. आपल्याकडे कुत्री व्याली की गल्लीतल्या पोरांनी घरोघर फिरून तेल, कणीक, गूळ मागून आणायचा आणि शिरा करून तिचं बाळंतपण करायचं, ही जुनी रीत आहे. भावसिंगपुऱ्यात घरं सिमेंटची झाली तरी ही रीत टिकली होती. लाडीच्या तिन्ही वेळा परात भरून शिरा झाला. भामाबाई तो स्वतः ढवळायच्या, आणि लाडी खात असताना तिच्या पाठीवरून हात फिरवत अशा बसायच्या की जणू माहेरी आलेली लेकच बाळंत झाली आहे.

तिसरं वेत मात्र जिवावर बेतलं होतं. मागच्या होळीच्या सुमारास लाडीचं पिल्लू अडलं. रात्र गेली, सकाळ झाली, दुपार टळायला आली. शेवटी मेघानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना, राजनंदिनी मॅडमना, घरी आणलं. सात पिल्लं निघाली, त्यांतली दोन मेलेली. हात धुता धुता मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, आणखी एक वेत झालं तर ही वाचेल असं मी लिहून देणार नाही. पिल्लं अंगावरनं तुटली की गर्भपिशवी काढून टाकू."

भामाबाई "बघू" म्हणाल्या, आणि ते बघायचं राहूनच गेलं. गणपतीनंतर लाडी पुन्हा पाळीवर आली तेव्हा तीन आठवडे तिला न्हाणीघरात कोंडून ठेवावं लागलं. गेटबाहेर पाच-सहा कुत्रे ठाण मांडून. त्यांची भांडणं, गल्लीची बोलणी. भामाबाईंचा मुलगा अतुल तीन आठवडे शेजाऱ्यांच्या घरी टॉवेल घेऊन आंघोळीला जात होता, आणि शेजारी त्याला "या जावईबापू" म्हणून चिडवत होते. ते दिवस निभावले. पण आता संक्रांत उलटून गेली होती, आणि पुढच्या पाळीला महिनाभर उरला होता.

"एकदा दार उघडं राहिलं ना, आई, की संपलं," मेघा त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "लाडी जाईल. मग मला बोलू नका."

भामाबाईंनी ठेवणीतला मुद्दा काढला.

"तिचं एक तरी लेकरू वाया गेलं का? समदी चांगल्या घरी दिलीत मी."

"बघून आलात?"

मेघानं हे सहज विचारलं असेल, पण ते वर्मी लागलं. कारण बाळंतिणीला घरी सोडल्यावर पाचव्या दिवशी आणि दहाव्या दिवशी तिच्या दारात जाऊन बघायचं, आई बघायची, लेकरू बघायचं, अंगाला हात लावून बघायचं, आणि मगच 'बरी आहे' म्हणायचं, हे भामाबाईंनी उभ्या नोकरीत पाळलं होतं. न बघता 'बरी आहे' म्हणणाऱ्या आयांना त्या कामचोर म्हणत. आता त्यांच्या लक्षात आलं की या वेताची पिल्लं देऊन आठ महिने झाले आणि आपण एकाही दारात गेलो नाही.

"येते बघून," त्या म्हणाल्या. "आन् समदी बरी निघाली तर पुन्हा ऑपरेशनचं नाव काढायचं नाय."

"कबूल," मेघा म्हणाली. पोळी तव्यावर टाकून तिनं वळून पाहिलं तर सासूबाई चपला शोधत होत्या.

पहिल्यांदा त्या गेल्या औरंगपुऱ्यात. तिथं वह्या-पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या सर्जेरावांनी एक काळा नर नेला होता. तो दुकानाच्या पायरीवर असा पसरला होता की गिऱ्हाईकांना त्याला ओलांडून आत जावं लागत होतं. अंगावर मांस, डोळ्यांत मस्ती. भामाबाईंनी त्याचे कान बघितले, दात बघितले, पोट दाबून बघितलं. सर्जेराव म्हणाले, "मावशी, आमच्यापेक्षा बरा राहतो. मागल्या महिन्यात त्याचंबी बारकं ऑपरेशन करून टाकलं. आधी पार गुलमंडीपर्यंत पळायचा, भांडून कान फाडून यायचा. आता दुकान सोडत नाय." भामाबाईंनी ऑपरेशनचा भाग ऐकला न ऐकल्यासारखा केला. कुत्रा धडधाकट होता, एवढंच त्यांनी मनात नोंदवलं आणि ताठ मानेनं रिक्षात बसल्या.

ती मान संध्याकाळपर्यंत टिकली नाही. उस्मानपुऱ्यातल्या रिक्षावाल्याकडचा नर दिवाळीत एका कुत्रीच्या मागं गेला तो परत आला नव्हता. सिडकोतल्या घरचे एक दिवस फाटक लावायला विसरले आणि तिथलं पिल्लू जालना रोडवर गाडीखाली गेलं होतं. त्या घरातली बाई सांगता सांगता रडली, आणि भामाबाईंनाच तिची समजूत काढावी लागली. चौथ्या पिल्लाच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, ते लोक पुण्याला गेले. कुत्रं? कुत्र्याचं काही माहीत नाही हो.

घरी आल्यावर मेघानं काही विचारलं नाही. तिनं पाणी दिलं, आणि तेच भामाबाईंना जास्त झोंबलं.

"पाचोडची ऱ्हायलीय अजून," त्या म्हणाल्या. "भुरी. ती नक्की बरी असंल. घरच्या माणसात दिलीय."

पाचोडला त्यांची चुलत जाऊ सारजाबाई राहायची. दुसऱ्या दिवशी भामाबाई बीडकडं जाणाऱ्या एसटीत बसल्या आणि साडेदहाच्या सुमारास पाचोडच्या फाट्यावर उतरल्या. सारजाबाई त्यांना बघून दारातूनच ओरडली.

"आक्का! जय भीम! बरं झालं आलात. तुमची भुरी व्याली की वो. पंधरा दिस झाले."

भामाबाई दारातच थबकल्या. "व्याली? आगं, ती आजून दहा महिन्यांची हाय!"

"मंग? पाच पिल्लं दिली पठ्ठीनं. गल्लीतल्या लेकरांनी घराघरातनं तेल-पीठ मागितलं, मी शिरा केला. लई खाल्ला. रीतीला कमी नाय पडू दिलं, आक्का."

शिऱ्याचं ऐकून भामाबाईंना क्षणभर बरं वाटलं. मग सारजाबाईनं त्यांना घरामागं नेलं. कापूस निघून गेलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला होता, त्याच्या पोटात एक बीळ केलेलं, आणि त्या बिळात भुरी होती. भामाबाईंनी आधी तिला ओळखलंच नाही. आईचाच चहाचा रंग, पण कातडीखालच्या फासळ्या बोटानं मोजाव्यात अशा. तोंड अजून पोराचं, आणि खाली ओढलेली आचळं म्हाताऱ्या कुत्रीची. दोन पिल्लं तिला लुचत होती. भुरीनं मान उचलली, भामाबाईंकडं पाहिलं आणि मान परत खाली टाकली.

हा चेहरा भामाबाईंनी पाहिलेला होता. प्रसूतिगृहात कधीमधी चौदा-पंधरा वर्षांची पोर बाळंतपणाला यायची. तिचं नाव, वय सगळं सासरचेच सांगायचे, वय खोटं सांगायचे. ती पोर खाटेवर अशीच पडून राहायची. लेकरू शेजारी ठेवलं तर त्याच्याकडं बघायची, मग छताकडं बघायची.

"पाच म्हणलीस ना?" भामाबाईंनी विचारलं. "हितं दोनच हायती."

सारजाबाईनं पदर सारखा केला. "तीन बाजाराच्या दिशी सोडून आले. पोत्यात घालून नेली. तिथं हाटेलामागं खायला पडतंय, कुणीतरी नेतंच की."

"डोळे उघडले व्हते त्यांचे?"

"उघडायला लागले व्हते," ती म्हणाली.

भामाबाई पऱ्हाट्यांपाशी खाली बसल्या. त्यांना राग आला. आवाज गल्ली गोळा होईल एवढा मोठा फुटला.

"शिरा खाऊ घातलास आन् लेकरं पोत्यात घातलीस? कसली रीत गं ही, सारजा?"

सारजाबाईही काही मिठाची बाहुली नव्हती. तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "आमी काय जीव घेतला का त्यांचा? ठेवून काय करू? हिलाच पुरं पडंना, पाच कुठं पोसू? आन् मला बोलताव, आक्का, तुमी तरी काय केलं? तुमीबी वाटलीच की. मी बाजारात सोडली, तुमी घरोघर सोडली."

भामाबाईंच्या डोळ्यांसमोर सिडकोतली ती रडणारी बाई आली, कुलूप आलं, दिवाळीपासून रिकामा पडलेला रिक्षावाल्याच्या कुत्र्याचा पट्टा आला. सारजाबाईलाही आपण थोरल्या जावेला नको ते बोललो असं वाटलं असावं, कारण ती आत जाऊन चहा घेऊन आली आणि शेजारी फतकल मारून बसली.

तेवढ्यात बोळातून एक दांडगा कुत्रा हुंगत हुंगत पुढं आला. भुरीनं त्याला पाहिलं मात्र, दोन्ही पिल्लांना टाकून ती पऱ्हाट्यांच्या पार आतल्या टोकाला सरकली. काटक्या अंगात रुतत होत्या तरी सरकत राहिली. सारजाबाईनं दगड भिरकावून कुत्र्याला हाकललं.

"तवापासनंच असं करायलीय," ती म्हणाली. "कार्तिकात लई कुत्रे मागं लागले व्हते तिच्या. ही आपली मोरीत जाऊन बसायची, मधल्या घरात खाटंखाली बसायची. मी हाकलायची बाहीर. मोरी घाण करती म्हणून."

भामाबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

लाडीचं पहिलं वेत त्यांना आठवलं. वेत नव्हे, त्याच्या आधीचं. तेव्हा लाडीसुद्धा पलंगाखाली जाऊन बसली होती, पार भिंतीला टेकून. दात विचकत होती. भामाबाईंनी तिला गोंजारून बाहेर काढलं होतं आणि स्वतःच्या हातानं गेट उघडलं होतं. निसर्गाचं काम आहे, आपण कोण अडवणार, असं त्या मेघाला म्हणाल्याही होत्या. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळीही. लाडीला विचारता येत नाही म्हणून त्या अडून बसल्या होत्या, आणि लाडीनं तीनदा न विचारता सांगितलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. सोयगावच्या त्या बाईची मान खाली आहे एवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं. घरातली कुत्री पलंगाखाली दात विचकत होती, आणि ते मात्र कळलं नाही.

त्या तिथं, पऱ्हाट्यांपाशी, रडल्या. सारजाबाई गोंधळली. "आक्का, कुत्र्यासाठी?" असं काहीतरी ती म्हणायला गेली आणि थांबली.

भामाबाईंनी डोळे पुसले आणि पदर खोचला. कॅम्पाच्या दिवशी त्या असाच पदर खोचायच्या.

"भुरीला आन् ह्या दोन लेकरांना मी घेऊन चालले."

"आन् मंग माझी राखण?"

"दोन महिन्यांनी आणून सोडते. ऑपरेशन करून. मंग तिच्यामागं कुत्रे लागायचे नायत, ती मोरीत बसायची नाय, आन् तुला पोतं शोधावं लागायचं नाय."

सारजाबाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण भाकरीची मोठी टोपली रिकामी करून तिनंच आणून दिली आणि तळाशी जुनं लुगडं अंथरलं.

फाट्यावर काळी-पिवळी जीप लागली होती. टोपलीत पिल्लं आणि दोरीला कुत्री बघून ड्रायव्हरनं हात आडवा केला. "आज्जी, कुत्रं नाय चालायचं."

"कुत्रं नाय, बाळंतीण हाय," भामाबाई म्हणाल्या आणि पाय वर टाकला. आतल्या बाया हसल्या, सरकल्या. अडूळपर्यंत एका बाईनं टोपली स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि तिच्या नवऱ्यानं आपल्या डब्यातली अर्धी भाकर भुरीला घातली.

घरी पोचल्यावर मेघानं दार उघडलं. तिनं सासूकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं, भुरीकडं पाहिलं. एरवी मुद्दा न सोडणाऱ्या मेघानं तडक दूध तापवायला ठेवलं.

"राजनंदिनी मॅडमला फोन लाव," भामाबाई म्हणाल्या. "लाडीची पाळी यायच्या आत."

ऑपरेशनच्या दिवशी लाडीला उपाशी ठेवायचं होतं. ती सकाळभर रिकामी थाळी नाकानं ढकलत सगळ्यांच्या मागं फिरली. दवाखान्यात भामाबाईंनी मॅडमना इतके प्रश्न विचारले की कंपाउंडर मागच्या मागं निघून गेला. भूल कोण देणार, टाके आतले की वरचे, ताप आला तर काय, उलटी झाली तर काय. राजनंदिनी मॅडम वयानं त्यांच्या नातीएवढ्या, पण चिडल्या नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं.

"आणि आजी, नुसतं पिल्लांचंच नाही," त्या म्हणाल्या. "ज्या कुत्र्यांचं हे केलेलं नसतं, त्यांच्या गर्भपिशवीत वय झाल्यावर पुष्कळदा पू होतो. आमच्याकडे आणतात तेव्हा निम्म्या वेळा उशीर झालेला असतो. लाडीला आता ती भीती राहणार नाही. तेवढं खाणं जरा बेतानं द्या, ह्या नंतर जाड होतात."

"आधीच म्हैस हाय ती," भामाबाई म्हणाल्या.

मग मॅडमनी कागद पुढं केला. संमतीपत्र. असे कागद भामाबाईंनी किती जणांपुढं सरकवले होते, आणि सही कुठं करायची त्यावर बोट ठेवून दाखवलं होतं. आज पेन त्यांच्या हातात होतं. त्यांनी टेबलावर बसवलेल्या लाडीच्या गळ्यात हात घातला आणि तिच्या कानापाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "चुकलं माझं. आता तरी बरोबर करायलेय का, ते तूच सांग." लाडी घाबरलेली होती, तिचं अंग थरथरत होतं. तिनं काहीच सांगितलं नाही. भामाबाईंनी त्या थरथरत्या अंगावर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं सही केली.

बाहेरच्या बाकावर त्या मेघाशेजारी बसल्या. एकतीस वर्षं त्या अशाच बाकांवर बसल्या होत्या, पण नातेवाईक म्हणून आज पहिल्यांदा. मेघा त्यांचा हात धरून होती. तासाभरानं मॅडम बाहेर आल्या आणि भामाबाईंना आत बोलावून ट्रेमधली गर्भपिशवी दाखवली. कुठं कागदासारखी पातळ झालेली, कुठं गाठ धरलेली. भामाबाईंना समजावून सांगायची गरज नव्हती. चौथं वेत हिनं पेललं नसतं, हे त्यांनी पाहताक्षणी ओळखलं. लाडीची भूल उतरायला लागली, तिची जीभ हलली, आणि मॅडमनी परवानगी दिल्यावर भामाबाईंनी कापूस ओला करून तिच्या ओठांना लावला.

दहा दिवस लाडी गळ्यात प्लास्टिकचं टोपडं घालून सगळ्या घराला धडकत फिरली. टाके निघाले. होळी झाली, पाळीचे दिवस आले आणि गेले, आणि गेटबाहेर एकही कुत्रा आला नाही. अतुल आपल्याच घरात आंघोळ करत होता. भुरीची पिल्लं दुधावरून सुटली. एक मेघाच्या शाळेतल्या बाईंनी नेलं, वय झालं की ऑपरेशन करणार असं कबूल करून, आणि भामाबाई पाचव्या दिवशी आणि दहाव्या दिवशी त्यांच्या दारात हजर झाल्या. दुसरं पिल्लू अतुलनंच ठेवून घेतलं. मार्चअखेरीस भुरीचंही झालं. दोन महिन्यांच्या खाण्यानं तिच्या फासळ्या बुजल्या होत्या आणि ती पहिल्यांदाच लाडीच्या शेपटीशी खेळत होती. हे आधी व्हायला हवं होतं, असं बघणाऱ्याला वाटायचं.

एप्रिलमध्ये भामाबाई बोलल्याप्रमाणे भुरीला घेऊन पाचोडला गेल्या. सारजाबाईच्या ओसरीवर गल्लीतल्या सात-आठ बाया आधीच जमल्या होत्या. भुरी आली, अंगणभर धावली, मधल्या घरात जाऊन आली आणि उंबऱ्यात पसरली. मोरीकडं तिनं पाहिलंही नाही. बायांनी तिच्या पोटावरची टाक्याची रेघ बघितली. एकीनं विचारलं, "आता ही कधीच व्यायची नाय?"

"नाय," भामाबाई म्हणाल्या. "आन् कुणाच्या दारात तिची लेकरं मरायचीबी नायत."

बाया गेल्यावर सारजाबाई म्हणाली, "आक्का, जरा मागं या."

पऱ्हाट्यांचा ढीग आता नव्हता. तिथं बाभळीच्या सावलीत मऊ सुतळीनं एक लहानशी कुत्री बांधलेली होती. चहाच्या रंगाची. एक कान चघळल्यासारखा तुटका, पण डोळे टक्क उघडे.

"तुमी गेल्यावर मला झोप येईना," सारजाबाई खाली बघत म्हणाली. "दर बाजाराला शोधत ऱ्हायले. दोघांचं काय झालं ते कुणालाच ठाव नाय. ही एक घावली. टपरीवाल्या मनकर्णाबाईनं दुधाचं बोट लावून जगवली व्हती. मी मागून आणली."

भामाबाई उकिडव्या बसल्या. त्यांनी पिल्लाचे कान बघितले, दात बघितले, पोटावर हात फिरवला. अंगाला हात लावून बघून झालं.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांची झाली की मी येते न्यायला."

"तुमी कामून येता?" सारजाबाई म्हणाली. "मीच घेऊन येते तिला. आन् शेजारणीचीबी एक हाय, तीबी आणते."